कोंबडीच्या पिल्लाची मान वळली, पाय लुळे पडले : घरी काय करावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरात कोंबड्या आता फक्त शेतावर राहिलेल्या नाहीत. सुदामानगरच्या गच्चीवर, राजेंद्रनगरच्या मागच्या अंगणात, महूच्या वाटेवरच्या मळ्यात लोक हौसेनं आठदहा पिल्लं पाळतात. झाबुआ जवळ असल्यामुळे कडकनाथही बऱ्याच घरी आहे. शिवाय गाडीवर विकायला येणारी रंगवलेली पिल्लं मुलांच्या हट्टापायी घरात येतातच. मग एके दिवशी त्यातलं एक मान पाठीवर टाकून वर बघत बसतं, गोल गोल फिरतं, नाहीतर एका कुशीवर पडून पाय झाडतं. अशा वेळी घरच्यांना जे प्रश्न पडतात त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. घरी करता येण्यासारखं पुष्कळ आहे. फक्त काय घरी करायचं आणि काय नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवायला हवं.

पिल्लाची मान वळली आहे. आत्ता लगेच काय करू?

त्याला बाकीच्यांपासून वेगळं करा. कारण काहीही असो, हे पहिलं. आजार संसर्गाचा असेल तर बाकीची वाचतील, आणि नसेल तरी पडलेल्या पिल्लाला बाकीची पिल्लं टोचतात, तुडवतात, ते टळेल. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, खाली जुना टॉवेल किंवा गोणपाट घाला आणि टॉवेलाची छोटी गुंडाळी करून पिल्लाच्या दोन्ही बाजूंना लावा, म्हणजे ते उताणं होणार नाही. खोकं शांत, अर्धवट अंधाऱ्या जागी ठेवा. मुलांचा गलका आणि मांजर, दोन्ही लांब.

मग बाकीच्यांकडे नीट बघा. किती सुस्त आहेत? कुणी तोंड उघडून श्वास घेतंय का? विष्ठा हिरवट, पाण्यासारखी आहे का? एकच पिल्लू आजारी आहे की तीनचार, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

ऊब किती द्यायची?

पहिल्या आठवड्यात 32 ते 35 अंश सेल्सियस, नंतर दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी. जुना पिवळा 60 वॅटचा बल्ब खोक्याच्या एका कोपऱ्यावर टांगा आणि दुसरा कोपरा गार राहू द्या. एलईडी बल्बनं ऊब मिळत नाही, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. लुळं पिल्लू स्वतः सरकू शकत नाही, म्हणून त्याच्याजवळ थर्मामीटर ठेवा आणि तासाभरानं हात लावून बघत राहा.

डिसेंबर-जानेवारीत इंदूरची रात्र चांगलीच थंड असते. गारठलेलं पिल्लू मान टाकतं, डोळे मिटतं, हाक मारली तरी हलत नाही आणि थेट मेंदूचा आजार असल्यासारखं दिसतं. त्याला आधी ऊब, मग पाणी, मग खाणं. गार अंगात खाणं घातलं तर ते पचत नाही.

मान वाकडी म्हणजे मानमोडीच ना?

नाही. हा समज मोडला तर कितीतरी पिल्लं वाचतील. वाकडी मान हे लक्षण आहे आणि त्यामागे निदान दहा कारणं असू शकतात. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हे त्यातलं एक. पण घरोघरी असं होतं की मान वळलेली दिसली की कुणीतरी अनुभवी माणूस “मानमोडी आहे, टाकून द्या” म्हणतो. प्रत्यक्षात त्या पिल्लाला एका जीवनसत्त्वाची उणीव असते आणि ते दोन दिवसांत उभं राहिलं असतं.

उलटही होतं. घरात खरोखर राणीखेत शिरलेला असतो, आणि घरचे बाटलीतलं टॉनिक देत आठवडा काढतात. तोवर सगळा दडबा जातो.

मग फरक ओळखायचा कसा?

वय, संख्या आणि लक्षणांचा क्रम, या तीन गोष्टींवरून. खात्रीचं निदान प्रयोगशाळेतच होतं, पण अंदाज घरी बांधता येतो.

राणीखेत सहसा एकट्यादुकट्याला होत नाही. लस न झालेल्या पिल्लांत तो झपाट्यानं पसरतो. आधी सुस्ती, धाप, घरघर, हिरवट पातळ विष्ठा आणि त्यानंतर मान वळणं, पंख-पाय लुळे पडणं. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 2 ते 15 दिवस जाऊ शकतात, त्यामुळे गेल्या पंधरवड्यात नवी कोंबडी आणली होती का, हे आठवा. राणीखेतातून वाचलेल्या काही पक्ष्यांची मान कायमची वाकडी राहते.

एकच पिल्लू आजारी, बाकी सगळी टुणटुणीत, आजारी पिल्लाचा श्वास मोकळा, आणि ते मान पाठीवर टाकून आकाशाकडे बघत बसतंय, असं असेल तर ब-1 जीवनसत्त्वाची, म्हणजे थायमिनची उणीव असण्याची शक्यता मोठी. पायाची बोटं आत मुडपून पिल्लू घोट्यावर रांगत असेल तर ब-2, म्हणजे रायबोफ्लेविन. दुसऱ्या ते चौथ्या आठवड्यात पिल्लू तोल जाऊन पडतंय, मागे कोसळतंय, डोकं पायांमध्ये घालतंय किंवा वळवतंय, तर ई जीवनसत्त्वाच्या उणिवेनं लहान मेंदूला इजा झालेली असू शकते. जुनं, खवट वास येणारं खाद्य हे त्याचं नेहमीचं कारण, कारण तेल खवट झालं की त्यातलं ई जीवनसत्त्व नष्ट होतं.

जन्मल्यापासून पहिल्या दोनतीन आठवड्यांतच डोकं-मान थरथरत असेल, आणि पिल्लू हातात धरल्यावर ती बारीक थरथर तळव्याला जाणवत असेल, तर एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिस हा विषाणूजन्य आजार मनात आणावा. तो अंड्यातूनच येऊ शकतो. त्यावर औषध नाही, पण सौम्य झटका असलेली काही पिल्लं सांभाळली तर जगतात.

आणि मॅरेक. एक पाय पुढे, एक मागे, असं पिल्लू फाकून पडलं की लोक लगेच हे नाव घेतात. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मॅरेक यांनी 1907 मध्ये या आजाराचं पहिलं वर्णन केलं. हा नागीण गटातल्या विषाणूमुळे होतो आणि नसांना सूज येते. पण तो साधारण सहा आठवड्यांनंतर, बहुतेकदा तीनचार महिन्यांच्या वयात दिसतो. दहा दिवसांच्या पिल्लाचे पाय लुळे पडले तर मॅरेक धरून बसू नका, दुसरं कारण शोधा.

मान वाकडी न होता नुसती ढिली, दोरीसारखी लोंबत असेल, पापण्या मिटत असतील आणि पिसं सहज हातात येत असतील, तर सडलेलं काहीतरी पोटात गेलंय. खताच्या खड्ड्यातल्या, मेलेल्या उंदरावरच्या अळ्या खाऊन बोटुलिझमची विषबाधा होते. आधी ते सडलेलं शोधून काढा, नाहीतर उरलेली पिल्लंही तेच खातील.

मेडिकलमधून काय आणू आणि किती देऊ?

कोंबड्यांच्या औषधांच्या दुकानात अ, ड-3, ई आणि ब-12 असलेलं पातळ टॉनिक मिळतं. विमेरल हे नाव बहुतेकांना माहीत आहे. ते चांगलं आहे, पण त्यात ब-1 आणि ब-2 नसतात. वर बघत बसणाऱ्या पिल्लाला नेमकं तेच हवं असतं. म्हणून सोबत ब-समूह जीवनसत्त्वांचं वेगळं औषध लागतं. कोंबड्यांसाठीचं मिळालं तर बाटलीवर पिल्लांसाठी लिहिलेली मात्रा द्या. रात्रीची वेळ असेल आणि फक्त माणसांचं मेडिकल उघडं असेल, तर 10 मिलिग्रॅमच्या आसपास थायमिन असलेली ब-कॉम्प्लेक्सची साधी गोळी घ्या. तिचा चौथा भाग कुटून चमचाभर पाण्यात कालवा आणि दिवसभरात थेंबाथेंबानं पाजा. ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी असल्यामुळे जास्तीची शरीराबाहेर जातात. लोह असलेलं टॉनिक मात्र आणू नका.

ई जीवनसत्त्वासाठी 400 ची कॅप्सूल टाचणीनं टोचून दोनतीन थेंब उकडलेल्या अंड्याच्या पिवळ्या बलकावर घाला, दिवसातून एकदा. बलकात स्निग्धांश असतो, त्यामुळे ते अंगी लागतं, आणि बलकात सेलेनियम हे खनिजही थोडं असतं. सेलेनियमची वेगळी गोळी देऊ नका. गरज आणि विषबाधा यांच्यातलं त्याचं अंतर फार कमी आहे आणि पिल्लाचं वजन मूठभर.

थायमिनची उणीव असेल तर फरक काही तासांत, फार तर एकदोन दिवसांत दिसतो. तो दिसला की निदानही झालंच. ई जीवनसत्त्वाचं काम सावकाश असतं, मान सरळ व्हायला कधी दोनतीन आठवडे लागतात, आणि मेंदूला जास्त इजा झाली असेल तर पूर्ण सुधारणा होत नाही. मान सरळ झाली म्हणून त्याच दिवशी औषध थांबवू नका, आणखी आठवडाभर चालू ठेवा.

विष्ठेत रक्त होतं म्हणून एम्प्रोलियम देत होतो. त्यानंतर मान वळली. संबंध आहे का?

असू शकतो, आणि हे फार थोड्या लोकांना सांगितलं जातं. विष्ठेत रक्त आणणारा कॉक्सिडियाचा जंतू आतड्यात थायमिनवर जगतो आणि एम्प्रोलियम हे त्यावरचं औषध. एम्प्रोलियमची रचना थायमिनसारखी असल्यामुळे ते जंतूला फसवतं. मात्रा वाढली किंवा औषध लांबलं की पिल्लालाही थायमिन मिळेनासं होतं. औषध अंदाजे चमच्यानं मोजलं होतं का, उन्हामुळे पिल्लांनी औषधाचं पाणी दुप्पट प्यायलं का, हे बघा. मान वळली असेल तर एम्प्रोलियम थांबवून डॉक्टरांना विचारा. एम्प्रोलियम आणि थायमिन एकत्र देऊ नका, कारण थायमिन एम्प्रोलियमचा परिणाम मारतं.

ते स्वतः खात-पीत नाही. चोच उघडून घशात ओतू का?

कधीच नाही. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं. वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं आणि जे पिल्लू आजारानं मेलं नसतं ते यानं मरतं. सुई काढलेली 1 मिलिलिटरची सिरिंज घ्या, पिल्लू सरळ धरा, मानेला बोटांचा आधार द्या आणि चोचीच्या टोकाशी, बाजूनं, एक थेंब टेकवा. ते चोच हलवून गिळेल. मग पुढचा थेंब. पहिले काही तास किंचित गूळ घातलेलं कोमट पाणी, नंतर पिल्लांच्या खाद्याचं बारीक पीठ पातळ कालवून, किंवा बलक.

सकाळी गळ्याखालची दाण्याची पिशवी चाचपून बघा. रात्रीचं खाणं तिथेच असेल तर आणखी भरू नका, नुसतं पाणी द्या. दर दोनतीन तासांनी थोडं थोडं द्यायचं. यात चिकाटी लागते, आणि घरच्या उपचारात सगळ्यात जास्त उपयोग याच कामाचा होतो.

आमच्याकडे त्याला पोहे, शेव, शिळी पोळी, तांदळाची कणी सगळं देतात. चालतं ना?

मोठ्या कोंबडीला तोंडाला चव म्हणून पोळीचा तुकडा ठीक. पिल्लाला नाही. सडीक, म्हणजे पॉलिश केलेल्या तांदळाच्या कणीत थायमिन फारच कमी असतं. नुसत्या कणीवर वाढवलेलं पिल्लू आकाशाकडे बघायला लागलं तर नवल नाही. आणि शेव! इंदूरच्या घरात शेव हाताशीच असते आणि मुलं प्रेमानं पिल्लापुढे टाकतात. पिल्लांना मीठ फार लवकर बाधतं. आधी खूप तहान, पातळ विष्ठा, मग अशक्तपणा, तोल जाणं, झटके. असं झालं तर नमकीन बंद करा आणि साधं पाणी एकदम भरपूर न देता थोडं थोडं, वरचेवर द्या.

पिल्लांचं तयार खाद्य, ज्याला दुकानदार चिक स्टार्टर म्हणतात, तेच मुख्य असावं. पोत्यावरची तारीख बघा, महिन्याभरात संपेल एवढंच आणा, आणि पावसाळ्यात बुरशीचा वास आला तर सगळं फेका. थोडं खराब, थोडं चांगलं असं त्यात काही नसतं.

झुरळांची फवारणी केली होती. त्याचं असेल?

अचानक लाळ, थरथर, झटके आणि फवारणीनंतर काही तासांतच असेल, तर हो, असू शकतं. झुरळांचे खडू, उंदरांची गोळी, शेतात पेरायला औषध लावून ठेवलेलं बियाणं, सगळं तपासा. पिल्लू मोकळ्या हवेत न्या, अंगाला लागलं असेल तर कोमट पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करून ऊब द्या, आणि औषधाचं पाकीट घेऊनच डॉक्टर गाठा. यावर घरगुती उतारा नाही.

मे महिन्यात दुपारी पिल्लं लुळी पडतात.

पत्र्याखालचा दडबा आणि बाहेर 42 अंश, मग दुसरं काय होणार. तोंड उघडून धापा, पंख अंगापासून लांब, नंतर कलंडणं. सावलीत आणा, साध्या पाण्यात पाय बुडवा, थेंबाथेंबानं पाणी द्या. बर्फ नको. दडब्यावर ओलं गोणपाट टाका आणि दुपारी खाद्य उचलून ठेवा.

मान ठीक आहे, फक्त पाय दोन बाजूंना फाकतात.

खाली वर्तमानपत्र घातलंय का? गुळगुळीत कागदावर पाय घसरून सांधे फाकतात, हा मेंदूचा आजार नव्हे. कागद काढून गोणपाट घाला. दोन्ही पाय अंगाखाली येतील इतक्या अंतरावर मऊ कापडी पट्टीनं सैलसर बांधा, तीनचार दिवस. पहिल्या आठवड्यात केलं तर बहुतेक पिल्लं चालायला लागतात. बोटं मुडपली असतील तर ब-2 देतानाच जाड पुठ्ठ्याच्या तुकड्यावर बोटं पसरून कागदी चिकटपट्टीनं हलके लावा. बरेच दिवस मुडपलेली बोटं मात्र पुन्हा सरळ होत नाहीत, म्हणून उशीर नको.

मान हातानं चोळून सरळ करावी का?

ओढून, वळवून मुळीच नाही. हाडांत बिघाड नसतो, स्नायूंना मेंदूकडून चुकीची आज्ञा जात असते. खाऊ घालताना मानेला आधार द्या, तेवढं पुरे.

दुकानदारानं अँटिबायोटिक दिलंय.

जीवनसत्त्वाच्या उणिवेवर त्याचा उपयोग नाही आणि विषाणूवरही नाही. कानाचा किंवा इतर जिवाणूंचा संसर्ग असेल तर उपयोग होतो, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. कोलिस्टिन हे औषध तर सरकारनं 2019 मध्ये कोंबड्या-जनावरांसाठी बंदच केलं. कुणी जुनी बाटली देत असेल तर घेऊ नका.

हळद, लसूण, कडुनिंब?

चिमूटभरानं अपाय नाही. पण त्यानं मान सरळ होत नाही, आणि त्या नादात पहिले दोन दिवस जातात, हे वाईट. दारूचे थेंब, कापूर, तंबाखूचं पाणी हे मात्र पिल्लाला मारणारं आहे.

आम्हाला, मुलांना काही होईल का?

मॅरेक माणसाला होत नाही. राणीखेतानं हाताळणाऱ्याचे डोळे लाल होऊ शकतात, ते काही दिवसांत बरे होतात. रोजचा धोका साल्मोनेला या जुलाब करणाऱ्या जिवाणूचा, आणि तो निरोगी दिसणाऱ्या पिल्लाकडूनही असतो. पिल्लाला हात लावला की साबणानं हात धुवायचे, पाच वर्षांखालच्या मुलांना पिल्लाचे पापे घेऊ द्यायचे नाहीत, आणि आजारी पिल्लाचं खोकं स्वयंपाकघरात ठेवायचं नाही.

बर्ड फ्लू तर नाही ना?

एकटं पिल्लू आठवडाभर मान वाकडी करून बसलंय, तर शक्यता फार कमी. पण एकदोन दिवसांत धडाधड मरतूक, तुरे निळे, तोंड सुजलेलं, किंवा आसपास कावळे मरून पडतायत, असं असेल तर घरचा उपचार तिथेच थांबवा. डिसेंबर 2020 च्या शेवटी डेली कॉलेजच्या आवारात कावळे मेले होते, ते इंदूरकरांना आठवत असेल. भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत नमुने गेले आणि एच5एन8 विषाणू सापडला. अशा वेळी मेलेल्या पक्ष्याला उघड्या हातानं स्पर्श करायचा नाही, पक्षी विकायचे नाहीत, कुणाला द्यायचे नाहीत, पशुपालन विभागाला कळवायचं. 2009 च्या प्राण्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानं ते बंधनकारकही आहे. लपवलं तर नुकसान शेजाऱ्यांच्या दडब्यांचं होतं.

इंदूरात कोंबडीचे डॉक्टर कुठे?

कुत्र्या-मांजरांच्या सगळ्याच दवाखान्यांत कोंबडी बघत नाहीत, आधी फोन करा. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय 1955 पासून आहे आणि शहरापासून पंचवीसएक किलोमीटरवर. अवघड वाटलं की तिकडे जावं. मध्य प्रदेशात 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुचिकित्सा गाडीसाठी फोन करता येतो. कोंबडीचं पिल्लू आहे हे बोलतानाच सांगा. पिल्लाचं वय, कधी आणि कुठून आणलं, कोणत्या लशी झाल्या, काय खातं आणि आधी कोणतं औषध दिलं, हे कागदावर लिहून न्या. झटका येत असतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, कारण दवाखान्यात पोचेपर्यंत पिल्लू बऱ्याचदा शांत झालेलं असतं.

किती दिवस वाट बघायची?

ते गिळतंय, हाकेला प्रतिसाद देतंय, वजन टिकवतंय, तोवर सोडू नका. वाकडी मान घेऊन सुखानं जगणाऱ्या कोंबड्या असतात, खोलगट भांड्यातून त्या नीट खातात. पण सतत झटके येतायत, गिळता येत नाही, खालची कातडी सोलवटली आहे आणि तीनचार दिवस नीट शुश्रूषा करूनही ते खालावतंय, तर डॉक्टरांना सांगून त्याला शांतपणे जाऊ द्यावं. घरी मान मुरगळणं किंवा पाण्यात बुडवणं क्रूर आहे.

पिल्लू मेलं. आता?

बाकीची आजारी असतील तर शवविच्छेदन करून घ्या, कारण तेच बाकीच्यांना वाचवेल. दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधून, थर्माकोलच्या डब्यात बर्फासोबत, त्याच दिवशी महूला न्या. गोठवू नका, गोठवलं तर आतले अवयव तपासण्याजोगे राहत नाहीत. न्यायचं नसेल तर कुत्र्यांना उकरता येणार नाही इतकं खोल, चुना घालून पुरा. नाल्यात किंवा कचरागाडीत टाकू नका.

नवी पिल्लं कधी आणू?

राणीखेत किंवा मॅरेकचा संशय असेल तर घाई नको. मॅरेकचा विषाणू पिसांच्या कोंड्यात, धुळीत महिनोन्‌महिने टिकतो. सगळा तूस काढून जाळा, दडबा धुवा, जंतुनाशक मारा, उन्हात कडकडीत वाळू द्या आणि काही महिने रिकामा ठेवा.

नवी घेताना मॅरेकची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रातच झाली आहे का, ते विचारा, नंतर देऊन उपयोग होत नाही. गाडीवरच्या रंगीत पिल्लांबद्दल हे कुणीच सांगू शकत नाही, म्हणून ती जुन्या कोंबड्यांत लगेच सोडू नयेत, तीन आठवडे वेगळी ठेवावीत. राणीखेताची लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा राणीखेताचीच लासोटा नावाची लस, आणि आठव्या आठवड्यात त्याच आजाराच्या आरटूबी लशीची सुई. लशीची कुपी शंभर-दोनशे पक्ष्यांना पुरेल एवढी असते आणि कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या, ओळखीतल्या कोंबडीवाल्यांनी एकच दिवस ठरवून, बर्फात ठेवलेली एक कुपी आणून सगळ्यांच्या पिल्लांना एकदम द्यावी.